परिचय, शंभर शब्दांत

इन्स्टिट्यूटचा सेक्रेटरी म्हणतो, भंगाळेभाऊ,
स्मरणिकेसाठी बँडचा परिचय द्या,
शंभर शब्दांत. सोबत फोटो.

फोटो एकच आहे.
त्यात ऑस्टिनचं डोकं कापलं गेलंय
आणि नबाबच्या ड्रममागे
कुणाची तरी बकरी.

बरं, लिहितो.
स्थापना सत्त्याण्णव, भुसावळ,
रेल्वे क्वार्टरचं मागचं अंगण.
ऑस्टिनच्या बापानं रिटायर होताना
घड्याळ नाकारलं, त्या पैशांची गिटार घेतली,
आणि ती वाजवायला पोरगा होता म्हणून बरं.
नबाब तडवी यावलहून सायकलवर यायचा,
कॅरिअरला काड्या बांधून.
गाणं वाल्मीक सपकाळेचं.
बेस माझा. बेस कुणालाच ऐकू येत नाही,
थांबला की मात्र सगळे मागे वळून बघतात.

नाव सापडायला तीन महिने गेले.
मग एकदा नाशिकहून परतताना
स्टेशनचे दिवे दिसताहेत, घराचं पत्र्याचं छप्पर दिसतंय,
आणि गाडी चाळीस मिनिटं उभीच.
वाल्मीक म्हणाला, हेच रे. आपण हेच आहोत.
औटर.

पहिला कार्यक्रम फैजपूरला, गणपतीत.
लोकांना सिनेमाची गाणी हवी होती.
वाल्मीकनं डोळे मिटून स्वतःचं धरलं:
मन्हा गाव, तुन्हा गाव,
मझार तापीनी रेत…
तिसऱ्या ओळीला लोडशेडिंग.
नबाब थांबला नाही. ड्रमला वीज लागत नाही.
काळोखात वीस मिनिटं एकटा वाजवत राहिला,
आणि टाळ्या पडल्या त्या त्याला.
आमचं पहिलं हिट म्हणजे ते.

कॅसेट जळगावला केली, मे महिन्यात,
सोफ्यांच्या दुकानावरच्या खोलीत.
पंखा माइकात येतो म्हणून पंखा बंद.
तारा उन्हानं उतरायच्या,
घाम बेसच्या मानेवरून खाली मनगटात.
पाचशे प्रती काढल्या, एकशे अकरा गेल्या.
बाकीच्यांची फीत वाल्मीकच्या काकानं
कणसावर आलेल्या ज्वारीवर ताणली, पाखरांसाठी.
वारा सुटला की शेतभर थरथरायची.
पाखरं उडून गेली, एवढं यश.

मग पुण्याचा कंपनीवाला आला.
त्याला वाल्मीक हवा होता. फक्त वाल्मीक,
आणि शब्द शुद्ध करून.
तो गेला. माझे गाव, तुझे गाव झालं,
तापी राहिली बाहेर.
सहा वर्षं आम्ही बोललो नाही.
मी पार्सल ऑफिसात केळीचे वॅगन मोजत होतो,
मोजताना बोटं आपोआप चार तारांवर.

इथं एक गोष्ट लिहायची राहते.
मधल्या काळात चोपड्याची उज्ज्वला फेगडे गायली,
अकरा कार्यक्रम.
वाल्मीकहून चांगली गायली.
हे आम्ही तेव्हा म्हटलं नाही,
ऑस्टिननंही नाही, मी तर नाहीच.
दुसऱ्या कडव्यात ती अर्धा श्वास उशिरा यायची
आणि सगळं गाणं तिच्याकडे वळायचं.
लग्न होऊन सुरतेला गेली.
तिचा आवाज कशावरच नाही.
त्या वर्षी रेकॉर्डिंगला पैसे नव्हते म्हणतो आम्ही.
पैसे होते. आम्ही नवा अँप्लिफायर घेतला.

परवा तालीम झाली, चोवीस वर्षांनी.
ऑस्टिन पर्थहून फोनवर, आवाज मागून येतो.
वाल्मीकचा गळा खरखरीत, तो आल्यावर
कुणी काही विचारलं नाही, चहा दिला.
नबाबच्या गुडघ्याला पट्टा.
दुसरं कडवं आलं
आणि न ठरवता तिघंही थांबलो,
चार मात्रा.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
मग पुढं सरकलो.

सेक्रेटरीला फोन केला,
परिचयात मध्येच थोडी जागा कोरी सोडता येईल का.
म्हणाला, जागा कुठली भाऊ,
तिथं केळीच्या वेफर्सची जाहिरात आहे.